मालक नसलेल्या जाळ्याचे मालक

४ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री नऊच्या सुमारास फेसबुक, व्हॉट्सॲप व इन्स्टाग्राम या तिन्ही सेवा जगभर एकाएकी बंद पडल्या आणि सुमारे सहा तास बंदच राहिल्या. कोणी हल्ला केला नव्हता की समुद्रातील तार तुटली नव्हती. देखभालीच्या कामात कंपनीकडूनच एक चुकीची आज्ञा दिली गेली व तिची सारी केंद्रे उरलेल्या जगापासून अलग पडली. दुरुस्तीची साधनेही त्याच यंत्रणेवर विसंबून असल्याने काम लांबले. लोक हा प्रसंग लवकरच विसरले. इंटरनेट कोठून निघाले आणि कोठे येऊन पोचले, याचा त्याहून बोलका पुरावा मात्र सापडणे कठीण आहे.

एक भाग निकामी झाला तरी उरलेल्यांचा व्यवहार चालू राहावा, ही या जाळ्यामागील मूळ कल्पना. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी कॅलिफोर्नियातील दोन संस्थांच्या संगणकांमध्ये पहिला संदेश गेला. तोही पूर्ण नव्हे, दोन अक्षरे पोचली आणि यंत्र बंद पडले. तरी तत्त्व पक्के होते. संदेशाचे तुकडे करावेत, प्रत्येकाने मिळेल त्या वाटेने जावे. व्हिंट सर्फ व बॉब कान यांनी आखलेले नियम १ जानेवारी १९८३ पासून त्या जाळ्यावर लागू झाले आणि ते नियम कोणाच्याही मालकीचे नव्हते. टिम बर्नर्स-ली यांनी निर्मिलेल्या वेबचे तंत्रही ‘सर्न’ या संशोधनसंस्थेने ३० एप्रिल १९९३ रोजी सर्वांना मुक्तहस्ते देऊन टाकले.

या मोकळेपणाचा अर्थ ईमेलवरून ध्यानी येतो. आपला पत्ता एका कंपनीचा आणि मित्राचा दुसऱ्या कंपनीचा असला तरी पत्र पोचते, जसे भारतात टाकलेले पत्र परदेशच्या टपालखात्यामार्फत घरी जाते. व्हॉट्सॲपची घडण निराळी. तेथे बोलायचे तर दोघांनीही एकाच वाड्यात राहावयास यावे लागते. टपालखात्यापेक्षा जहागिरीशीच याचे साम्य अधिक.

आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले. तेव्हा तार एकट्या सरकारी कंपनीच्या हाती, सेवा मंद आणि महाग. ती मक्तेदारी १९९८ मध्ये संपली. पण तारेपलीकडचे जग मात्र खुले होते. २०१६ नंतर कंपन्यांच्या दरयुद्धाने तार स्वस्त झाली, आणि तोवर पलीकडच्या जगाभोवती कुंपणे उभी राहिली होती. गरिबांना मोजकीच संकेतस्थळे फुकट दाखविण्याची फेसबुकची योजना दूरसंचार नियामक प्राधिकरणाने ८ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने रोखली, हे योग्यच झाले. त्या आदेशाने तारेवरची समानता राखली. कुंपणांना मात्र तो हात लावू शकत नव्हता.

सरकारच्या हाती सारे दिल्याने प्रश्न सुटेल, असे मानण्यास मात्र जागा नाही. फेसबुकवरील मजकुरासाठी २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली. ज्या ६६-अ कलमाचा अशा प्रकरणांत वापर होई, ते सर्वोच्च न्यायालयाला २०१५ मध्ये रद्द करावे लागले. काश्मीरमध्ये ऑगस्ट २०१९ पासून इंटरनेट बंद ठेवण्यात आले, तेव्हा अनिश्चित काळाची बंदी अमान्य असल्याचे त्याच न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये सांगितले. शिवाय दारे मोजकीच असली की देवडीवर पहारा बसविणे सरकारलाही सोयीचे जाते.

यात निवड नावाची गोष्ट कितपत उरते? व्हॉट्सॲपने २०२१ मध्ये आपल्या अटी बदलल्या. मान्य करा, नाहीतर सेवा सोडा, असा त्यांचा सूर होता. नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पर्धा आयोगाने त्याबद्दल मूळ कंपनीला सुमारे २१३ कोटी रुपयांचा दंड केला व प्रकरण अपिलात गेले. पण ज्या शिक्षकाला शाळेच्या सूचना आणि ज्या कारकुनाला साहेबांचे आदेश तेथेच मिळतात, त्याने सेवा सोडावी कशी?

युरोपने निराळा मार्ग धरला. मार्च २०२४ पासून तेथील कायद्याने व्हॉट्सॲपसारख्या सेवेवर इतर संदेशसेवांना, त्यांनी मागणी केल्यास, दार उघडण्याची सक्ती केली आहे. दंडापेक्षा हा उपाय अधिक मुळाशी जातो. आपल्याकडे तसा कायदा होण्याची वाट पाहण्याचीही गरज नाही. शाळांच्या सूचना आणि कचेऱ्यांचे आदेश ईमेलने वा खुल्या संकेतस्थळावर द्यावेत, एवढे एक परिपत्रक शासनाला केव्हाही काढता येईल.