अर्धी गोळी, पाव भाकरी

पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी हे पाढे ज्यांनी बालपणी घोकले, असे अनेक वाचक या सदराला लाभले आहेत. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा, हे आज नातवंडांना सांगितले तर त्यांना ती थट्टा वाटेल. त्या पाठांतराने व्यवहार चोख झाला, यात शंका नाही. तथापि ‘पाव’, ‘पाऊण’ हे शब्द आपल्या जिभेवर इतके रुळले आहेत, की ते कशाचे तरी भाग आहेत याचा विसर पडतो. ‘एक छेद चार’ हे शाळेतले नाव कानाला रुक्ष खरे, परंतु पूर्णाचे चार समान भाग केले आणि त्यातला एक घेतला, हे ते उघड सांगते.

हा विसर औषधांच्या बाबतीत महागात पडू शकतो. माझ्या दवाखान्यात येणाऱ्या एका आजींना रक्तदाबासाठी ५० मिलिग्रॅमची अर्धी गोळी चालू होती. एका महिन्यात दुकानातून २५ मिलिग्रॅमची स्ट्रिप आली. आजींनी नेमाने तीही अर्धीच घेतली. शब्द तोच राहिला, पूर्ण मात्र बदलले होते. पोटात २५ ऐवजी साडेबारा मिलिग्रॅम जात होते आणि रक्तदाब का चढतो हे घरात कोणालाच कळेना. उलट प्रकार घडता, म्हणजे दुप्पट ताकदीची गोळी आली असती, तर चक्कर येऊन पडण्याचा धोका होता.

तिसरी-चौथीतील मुलाला अपूर्णांक शिकवताना नेमकी हीच गोष्ट आधी पटवावी लागते, आणि आजी-आजोबांइतका निवांत शिक्षक घरात दुसरा नसतो. एक मोठी भाकरी आणि एक लहान भाकरी घ्या. दोन्हींचे अर्धे करून शेजारी ठेवा आणि विचारा, ‘दोन्ही अर्धेच ना? मग सारखे का नाहीत?’ उत्तर लगेच सांगू नका. मग एका भाकरीचे मुद्दाम वेडेवाकडे दोन तुकडे करा. लहान तुकडा ज्याच्या ताटात येईल तो तत्काळ तक्रार करील. ‘समान भाग’ या शब्दांचा अर्थ त्या तक्रारीतच आहे. चार हा दोनपेक्षा मोठा, म्हणून पाव हा अर्ध्यापेक्षा मोठा, असे पुष्कळ मुलांना मनापासून वाटते. त्यांना रागावू नये. वाटेकरी दोनाचे चार झाले की प्रत्येकाच्या वाट्याला किती येते, हे त्यांनाच करून पाहू द्यावे. तिसरा भाग गोल भाकरीत साधणे मोठ्यांनाही अवघड. त्यासाठी कागदाची लांब पट्टी दुमडावी.

मात्र या खेळात गोळ्या मुळीच वापरू नयेत. मुलांच्या दृष्टीने गोळी आणि खाऊ यांत फारसे अंतर नसते.

आता मोठ्यांच्या अर्ध्या गोळीविषयी. जिच्यावर मधोमध खाच आहे, ती गोळी बहुधा बरोबर दुभंगते. खाच नसलेली सुरीने कापली तर एक तुकडा मोठा, एक लहान आणि थोडा चुरा असे तीन वाटे होतात. औषधाच्या दुकानात मिळणारा टॅबलेट कटर त्याहून बरा. नावापुढे ‘एसआर’, ‘ईआर’, ‘एक्सआर’ अशी अक्षरे असलेल्या गोळ्या औषध सावकाश सोडण्यासाठी बनवलेल्या असतात. त्यांतील काही खाचेवरून अर्ध्या करता येतात, पुष्कळ येत नाहीत. म्हणून विचारल्यावाचून तोडू नयेत आणि चुरडू तर कधीच नयेत. कॅप्सूल आणि आतड्यात विरघळण्यासाठी लेप दिलेल्या गोळ्याही अखंडच गिळाव्यात. काटकसर म्हणून मोठ्या ताकदीची गोळी आणून घरीच अर्धी करण्याचा बेत असेल, तर आधी डॉक्टरांशी बोलावे. सगळी स्ट्रिप एकदम कापून डबीत भरू नये; आज एक कापावी, उरलेला अर्धा भाग पुढच्या वेळी घ्यावा.

डॉक्टरांकडून नुसते ‘अर्धी’ असे लिहून घेऊ नका. ‘५० मिलिग्रॅमची अर्धी, म्हणजे २५’ असे पूर्णासह लिहून घ्या. नवी स्ट्रिप घरी आली की तिच्यावरील आकडा त्या कागदाशी ताडून पाहण्याचे काम चौथीतल्या नातवाला द्या. चष्मा शोधण्याचा वेळ वाचेल.