फडातून निघण्याआधी हुकापाशी पाच मिनिटं थांबा

ऊसवाहतूक करणारे ट्रॅक्टरमालक, चालक, टोळ्यांचे मुकादम आणि त्याच रस्त्यावरून रोज ये-जा करणारे आपण सगळे, यांना ही कळकळीची विनंती आहे. दसरा झाला. बीडकडच्या टोळ्या निघाल्या आहेत. थोड्याच दिवसांत गव्हाणी सुरू होतील. उन्हाळ्यापासून ट्रॉल्या शेडमध्ये, नाहीतर बांधावर पावसात उभ्या होत्या. त्या बाहेर काढताना आपण टायर बघतो, रंग देतो, मागच्या फळीवर पोरांची नावं लिहून घेतो. पण ट्रॅक्टर आणि ट्रॉली ज्या एका पिनेवर जोडलेले असतात, ती पिन गेल्या हंगामातलीच कुठूनतरी शोधून घालतो आणि मोकळे होतो. या वर्षी असं करू नका.

माझं फॅब्रिकेशनचं दुकान आहे, वाळवा तालुक्यात. ट्रॉलीची दांडी, हुक, साटा ही रोजची कामं. दोन हंगामांपूर्वी एक तुटलेली पिन दुकानात आली. कालव्याच्या पुलावरून उतरताना मागची ट्रॉली सुटली होती. मोळ्यांवर टोळीतली दोन माणसं बसलेली. ट्रॉली डावीकडच्या शेतात घुसली आणि मऊ रानात रुतली म्हणून दोघं वाचली. उजवीकडे एसटीचा थांबा होता.

ती पिन मी हातात घेऊन उजेडात धरली. तुटलेल्या तोंडाचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग काळपट, गंजलेला होता आणि उरलेला एक भाग नव्या रुपयासारखा चकचकीत. याचा अर्थ एवढाच, की पिन त्या दिवशी तुटली नव्हती. तिला कित्येक दिवस चीर पडलेली होती, चिरेत पाणी जाऊन गंज चढत होता आणि रोजच्या खेपा चालूच होत्या. पुलावर तुटला तो फक्त चकचकीत तुकडा. त्या दिवसांत कुणी एकदा पिन उपसून कापडानं पुसली असती, तर चीर दिसली असती.

ती पिन बांधकामाच्या सळईची होती. ती मी दिलेली नव्हती, पण तशा पिना मी कापून दिलेल्या आहेत, हे इथं सांगितलंच पाहिजे. रात्री दहाला माणूस येतो, गाडी भरून उभी आहे म्हणतो, आणि आपण हाताला लागेल ती सळई कापून देतो. सळईच्या अंगावर आडव्या कड्या असतात. सगळा भार त्या कड्यांवर येतो, त्या लवकर झिजतात आणि पिन भोकात खेळायला लागते. आता मी सळईची पिन कापून देत नाही, कितीही घाई असली तरी. तुम्हीही मागू नका. ट्रॅक्टर कंपनीची किंवा खात्रीच्या दुकानातली, भोकात नीट बसणारी, वर मूठ आणि खाली लॉक असलेली पिन घ्या. लॉकच्या जागी तार किंवा खिळा नको. खड्ड्यात पिन उडते, तेव्हा तिला वर यायला तार अडवत नाही.

झीज डोळ्यांना फसवते, म्हणून मोजा. ३० मिलिमीटरची पिन एका जागी झिजून २७ वर आली, तर हाताला फरक फारसा जाणवत नाही. पण मजबुती जाडीच्या वर्गाप्रमाणे कमी होते, म्हणजे तिथं जवळजवळ पाचवा हिस्सा ताकद गेलेली असते. वाकलेली पिन घणानं सरळ करून परत घालायची नाही. झिजलेल्या पिनेवर वेल्डिंगचा थर चढवून तासून घ्यायचा, हेही नको. वेल्डिंगच्या आचेनं आतलं लोखंड ठिसूळ होऊ शकतं आणि बाहेरून ते नव्यासारखं दिसतं.

भोकही बघा. पिन नवी घातली आणि हुकाचं भोक अंड्यासारखं लांबट झालेलं असलं, तर दर ब्रेकला आणि दर गिअरला ट्रॉली त्या मोकळ्या जागेत मागेपुढे आपटते. दोन ट्रॉल्यांत मिळून पंधरा-वीस टन ऊस असतो. एवढ्या वजनाचा घण दिवसभर एकाच पिनेवर पडतो. तो आवाज ऐकू येतो, चांगला खाडखाड येतो. टेपचा आवाज ट्रॉलीइतकाच मोठा ठेवला तर येत नाही. चालक दादांनो, निदान फडातून डांबरी लागेपर्यंत आणि उताराला टेप बंद ठेवा.

आता हुकाच्या उंचीबद्दल थोडं सविस्तर, कारण यात शिकलेली माणसंही चुकतात. बऱ्याच ट्रॅक्टरांना मागे दोन पट्ट्या असतात, त्यांत ओळीनं भोकं असतात आणि हुक वर-खाली लावता येतो. ही सोय ट्रॉलीप्रमाणे हुक लावण्यासाठी आहे. चिखलात ट्रॉली निघत नाही म्हणून काहीजण हुक वरच्या भोकात घेतात, कुणी तर साखळी थेट टॉप लिंकच्या जागी अडकवतो. ओढ जितकी उंचावरून, तितका ट्रॅक्टर पुढून उचलायला बघतो. पुढची चाकं जमिनीवरून सुटली की स्टेअरिंग फिरवून काही होत नाही, आणि ट्रॅक्टर मागे उलटायला एवढा थोडा वेळ लागतो की क्लच दाबायचं सुचेपर्यंत चालक खाली सापडतो. चिखलात अडकलात तर अर्ध्या मोळ्या उतरवा, दुसरा ट्रॅक्टर बोलवा, पण हुक वर घेऊ नका.

उलट हुक फार खाली असला आणि ट्रॉली दोन चाकांची असली, तर ट्रॉली नाक खाली घालून चालते. ऊस पुढे सरकतो आणि सगळं वजन हुकावर बसतं. पुढची चाकं यातही हलकी होतात. वजन फार मागे गेलं तर ट्रॉली हुकाला वर उचलते आणि शेपूट हलवायला लागते. म्हणून भरलेली ट्रॉली सपाट जागी उभी करा आणि चार पावलं लांब जाऊन बाजूनं बघा. साटा जमिनीला समांतर दिसला पाहिजे. दिसत नसेल तर हुक एक भोक वर किंवा खाली घ्या. त्या पट्ट्यांच्या बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असा आकडा असतो. आकडा नसलेला साधा बोल्ट तिथं चालणार नाही. उंची बदलल्यावर पहिली खेप झाली की बोल्ट पुन्हा आवळा, कारण पहिल्या खेपेत ते बसतात आणि सैल होतात.

ट्रॅक्टरचा हुक निदान कंपनीत बनलेला असतो. पहिल्या ट्रॉलीच्या मागे दुसरीसाठी असतो तो बहुतेक वेळा माझ्यासारख्या कुणीतरी वेल्डिंगनं चिकटवलेला असतो. तो बघायला कुणी खाली वाकत नाही. त्या वेल्डिंगवरचा रंग खरवडा, जागा पुसून कोरडी करा, थोडं डिझेल लावून दहा मिनिटं थांबा, मग कापडानं नीट पुसा आणि वरून खडू घासा. चीर असेल तर आत शिरलेलं डिझेल बाहेर येतं आणि पांढऱ्या खडूवर बारीक काळी रेघ उमटते. रेघ दिसली की ती ट्रॉली भरायची नाही. वरून नुसता वेल्डिंगचा फेर मारून घेऊ नका, चीर मुळापासून तासून काढायला सांगा.

साखळी लावा. पिन तुटली तर मधे राहते ती साखळीच. दोन साखळ्या, दांडीच्या खालून एकमेकींना ओलांडून गेलेल्या, म्हणजे दांडी सुटली तर रस्त्यात न रुतता साखळ्यांच्या झोळीत पडते. ढील वळणापुरती, जमिनीला घासेल इतकी नको. गोठ्यातली बारीक साखळी इथं उपयोगाची नाही, आणि साखळीचं टोक त्याच पिनेत अडकवू नका. दहा टनांची ट्रॉली वीसाला एक अशा उतारावर असली, तरी ती अर्ध्या टनाच्या जोरानं खाली ढकलत असते, आणि आपल्याकडच्या बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो.

मुकादमांना एक हात जोडून सांगणं. ट्रॉली जोडताना टोळीतल्या पोरांना दांडी धरायला लावू नका. ट्रॅक्टर मागे येतो आणि बोटं हुकात जातात. दांडी जॅकवर उचला, चाकामागे दगड लावा, ट्रॅक्टर थांबल्यावरच पिन घाला. दांडीवर बसून कुणालाही येऊ देऊ नका, बायामाणसांना तर नाहीच, त्यांच्या साडीचा पदर कधी कशात गुंतेल सांगता येत नाही.

कारखान्यांच्या शेतकी विभागांना विनंती आहे, की वाहतुकीचा करार करताना कागदांबरोबर हुकही बघावा. वाहनं काट्याजवळ तासन्‌तास नंबरात उभी असतात. तिथं एक माणूस कॅलिपर, टॉर्च आणि खडू घेऊन फिरला तरी पुष्कळ होईल. मागे रिफ्लेक्टर आहे का, तेही त्याच फेरीत बघून घ्यावं.

आणि गावातल्या आया-बापांनो, ट्रॉलीमागे धावून ऊस ओढणाऱ्या पोरांना आवरा. दोन ट्रॉल्यांच्या मधून ऊस उपसायला जाणारी पोरं मी दर हंगामात बघतो. ऊस हवा असेल तर चालकाला थांबवून मागा, कुणी नाही म्हणत नाही. दुचाकीवाल्यांनी ट्रॉलीच्या अगदी मागे चिकटून जाऊ नये, आणि दांडी डावी-उजवी झुलताना दिसली तर पुढे जाऊन चालकाला हात करावा. तो टेपात आहे म्हणून सोडून देऊ नये.

हे या आठवड्यात करा, पहिली खेप निघायच्या आत. पिन उपसा, कापडात गुंडाळा आणि जवळच्या लेथवाल्याकडे घेऊन जा, त्याच्याकडे कॅलिपर असतोच. माझ्या दुकानात आलात तर मोजून देईन, पैसे घेणार नाही. हंगाम संपेपर्यंत दुकान रविवारीही उघडं राहील, आणि रात्री दहाला आलात तरी सळई सोडून दुसरी पिन तुमच्यासाठी कपाटात ठेवलेली असेल.