घांस आणि चित्र

अडीच-तीन वर्षांचें मूल आणि त्याच्यापुढें अर्धी राहिलेली वाटी, हें दृश्य ज्या घरांत दिसत नाहीं असें घर विरळाच. आई म्हणते, "आणखी दोनच घांस." आजी म्हणते, "आमच्या वेळीं मुलें अशीं नव्हतीं." आत्या खिडकींतला काऊ दाखविते, आणि हल्लीं सर्वांत सोपा उपाय म्हणून मोबाइल पुढें ठेविला जातो. डोळे पडद्यावर खिळवून मूल तोंड उघडतें व घांस आंत जातो. परंतु याला जेवण म्हणावें काय? आपण काय खाल्लें, त्याची चव कशी होती, पोट भरलें कीं नाहीं, यांपैकीं एकाही गोष्टीकडे त्या बालकाचें लक्ष नसतें.

मीं जन्मभर शाळेंत मुलांच्या परीक्षा घेतल्या. या विषयांत मात्र माझी परीक्षा माझ्या नातीनें घेतली आणि मी नापास झालों. तिला भोपळ्याची भाजी नको होती. वडीलधारेपणाच्या अधिकारानें मीं तिचा हात धरून एक घांस तोंडांत कोंबला. तिनें तो ओकून टाकला. एवढ्यावर भागतें तरी बरें होतें; पण पुढें कित्येक दिवस मी पानावर बसलों कीं ती आईच्या मागें दडूं लागली. भोपळ्याविषयींची अरुचि माझ्यावर येऊन बसली होती. सूनबाई कांहीं बोलली नाहीं. तिचें न बोलणेंच मला अधिक बोंचलें.

मग मीं या विषयाचें थोडें वाचन केलें. पहिल्या वर्षांत बालकाचें वजन जन्माच्या वेळेच्या सुमारें तिप्पट होतें. दुसऱ्या वर्षांत तें अवघें २ ते २॥ किलो वाढतें. वाढ मंदावली म्हणजे भूकही मंदावते. शिवाय २ ते ६ या वयांत अनोळखी अन्नाचें भय वाटणें हें बालस्वभावास धरूनच आहे. तेव्हां ज्यास आपण हट्ट म्हणतों तो बहुधा अपरिचय असतो. आणि अपरिचयावर औषध परिचय हेंच, बळजबरी नव्हे.

हा परिचय डोळ्यांच्या द्वारें होऊं शकतो. शब्दाबरोबर वस्तूचें चित्र असावें, हें ओळखून कोमेनियस या थोर शिक्षकानें १६५८ सालीं मुलांसाठीं सचित्र पाठ्यपुस्तक काढलें. तेंच तत्त्व पाकशाळेंतही लागू पडतें. इंग्लंडांतील रेडिंग विद्यापीठाच्या संशोधकांनीं २०१४ सालीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. आईबापांनीं आपल्या लहानग्यांस एखाद्या अपरिचित भाजीचें चित्रपुस्तक दोन आठवडे रोज दाखविलें. पुढें ती भाजी समोर आली तेव्हां ती चाखण्यास मुलें अधिक राजी असलेलीं आढळलीं.

आम्हीं घरींच एका कोऱ्या वहीचें पुस्तक केलें. पहिल्या पानावर भोपळ्याची बी, मग वेल, पिवळें फूल, मंडईंतील ढीग, विळीवरच्या फोडी आणि शेवटीं ताटांतील भाजी. सायंकाळीं दिवा लागल्यावर सूनबाई तें वाची व नात तिच्या मांडीवर बसून पाही. मी दूर झोपाळ्यावर बसें. पांचव्या कीं सहाव्या दिवशीं नातीनें वही उचलून माझ्या हातीं दिली. पुढच्या रविवारीं आम्हीं मंडईंत जाऊन भोपळ्याची फांक आणली. तिच्या बिया नातीनें स्वतःच्या बोटांनीं काढल्या.

येथें दोन गोष्टी सांभाळाव्या. पुस्तक जेवतांना उघडूं नये. नाहींतर तोही कागदाचा मोबाइलच होईल. आणि ताटांत भाजीची एक लहान फोड वाढून स्वस्थ बसावें. 'खा' म्हणूं नये, बक्षिसाचें आमिष दाखवूं नये. आपण ती भाजी आवडीनें खावी. काय, केव्हां व कोठें वाढावयाचें हें वडिलांनीं ठरवावें. किती खावयाचें हें मुलानें. अमेरिकेंतील आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांचा हा नियम आमच्या घरांतील आजीसही अखेरीस पटला. एकच पदार्थ दहा-पंधरा वेळां समोर यावा लागतो, हें ध्यानांत ठेवून धीर धरावा. मात्र मुलाचें वजन घटूं लागलें, गिळतांना तें वरचेवर ठसकूं लागलें किंवा मलूल दिसूं लागलें, तर पुस्तकावर विसंबून न राहतां तत्काळ डॉक्टरांस दाखवावें.

आमच्या नातीनें ती फोड प्रथम नुसती दाबून पाहिली. दुसऱ्या खेपेस चाटून परत ठेविली. पुढें एके दिवशीं अर्धी खाल्ली, आणि उरलेली अर्धी माझ्या पाटापाशीं येऊन माझ्या तोंडांत घातली. मींही मुकाट्यानें तोंड उघडलें. कारलें ती अजून खात नाहीं. परंतु माझ्या पंक्तीस बसते, आणि मला तेवढें पुरे आहे.