टाळ थांबतात तेव्हा
आषाढी वारीत माउलींची पालखी संध्याकाळी तळावर येते, दिंड्या गोलाकार उभ्या राहतात आणि गजर टिपेला पोचतो. चोपदार चोप उंचावून ‘हो’ म्हणतात आणि हजारो टाळ एकदम गप्प होतात. दिवसभर चालून पाय भरून आलेले असताना ती शांतता ज्यानं अनुभवली, त्याला ती जन्मभर पुरते. पण मला त्याहून मोलाचं वाटतं ते पुढचं. ज्या दिंडीचं काही गाऱ्हाणं असेल, तिचे टाळ वाजतच राहतात. कुणाला पाणी मिळालेलं नसतं, कुणाचा चालण्याचा क्रम चुकलेला असतो. चोपदार तिथवर जातात, ऐकून घेतात, समाधान झालं की ते टाळ थांबतात. मग हरवलं-सापडलं पुकारायचं आणि मगच आरती. एवढा अफाट समाज एका दिंडीसाठी कान देऊन उभा राहतो, ही हैबतबाबा आरफळकरांनी घालून दिलेल्या या सोहळ्याची खरी श्रीमंती. नवविधा भक्तीत श्रवण पहिलं, कीर्तन दुसरं. समर्थांनीही दासबोधाचा चौथा दशक श्रवणभक्तीनंच सुरू केला. आपल्या देवळांच्या बैठकांत मात्र माइक ज्याच्या हाती तोच बोलत राहतो, आणि पहाटे सभामंडप झाडणाऱ्या मावशींना कुणी विचारत नाही. परवा आमच्या भजनी मंडळात अशाच एक मावशी पहिल्यांदा बोलल्या: शेजारी आजारी माणूस आहे, भोंगा लवकर बंद करा. पेटी थांबली, सगळे त्यांच्याकडे वळले. भोंगा त्याच रात्री खाली उतरवला.