न बोललेले गृहीतक

स्पर्धा परीक्षांतील तर्कक्षमतेच्या प्रश्नांत एक विधान देऊन विचारले जाते : यामागील गृहीतक कोणते? गृहीतक म्हणजे निष्कर्ष नव्हे. जे बोलले जात नाही, पण ज्याच्यावाचून युक्तिवाद उभाच राहत नाही, ते गृहीतक. त्याची कसोटी सोपी आहे. ते नाकारून पाहावे. युक्तिवाद कोसळला तर गृहीतक नेमके सापडले.

हीच कसोटी या परीक्षेच्या समर्थकांना लावून पाहू. केंद्रीय लोकसेवा आयोगाने 2011 साली व राज्य आयोगाने 2013 साली पूर्वपरीक्षेत ‘सीसॅट’ आणली. समर्थन असे की, प्रश्नपत्रिका सर्वांना एकच, म्हणून संधीही समान. येथे गृहीत काय धरले? परीक्षेच्या दारापर्यंतची वाट सर्वांना सारखीच आहे, हे! परंडा तालुक्यातील सोनारीच्या शेतमजुराचा मुलगा आणि पुण्यात महागड्या शिकवणीवर्गात बसणारा मुलगा यांची वाट सारखी नाही, एवढे म्हणताच ती समानता कोसळते. 2014 साली परीक्षार्थी रस्त्यावर उतरले आणि 2015 पासून केंद्रीय परीक्षेत ही प्रश्नपत्रिका केवळ 33 टक्के गुणांच्या पात्रतेपुरती उरली. पुढे राज्य आयोगानेही तोच मार्ग धरला. हा अन्याय कमी झाला. संपला मात्र नाही.

परंतु कसोटी आपल्या घोषणेलाही लावली पाहिजे. ‘हा विषय ग्रामीण मुलांना जड जातो, म्हणून रद्द करा’ या मागणीतही एक गृहीतक दडले आहे : जे शिकवलेच गेले नाही, ते त्यांना शिकताच येणार नाही. हे गृहीतक श्रमिकांच्या मुलांचा अपमान करणारे आहे. बाजारात अडत्याचा हिशेब तोंडी तपासणाऱ्या बापाच्या मुलाला तर्क परका कसा असेल? परकी आहे ती महाग शिकवणी आणि भाषांतराने बोजड झालेली मराठी.

म्हणून मागणी बदलली पाहिजे. तर्कशिक्षण सरकारी शाळेतच, स्वच्छ मराठीत आणि विनामूल्य मिळाले पाहिजे. त्याचा उपयोग नोकरीपुरता नाही. ‘निधी नाही, म्हणून शाळा बंद’ असे सांगितले जाते, तेव्हा निधी दुसरीकडून वळवता येणारच नाही, हे कोणी गृहीत धरले, असे विचारणारा नागरिक त्यातूनच घडतो. कार्यकर्त्यांनी अभ्यासवर्गांचा आरंभ याच प्रश्नापासून करावा. आणि पहिली तपासणी स्वतःच्या घोषणांची करावी.