शीरखुर्म्यातली चारोळी

गेल्या रमजान ईदच्या आदल्या रात्री आमच्या घरी नेहमीचीच धांदल होती. शेवया भाजून झाल्या होत्या, खारका भिजत पडल्या होत्या, बदामाची साले काढायला मुलांना बसवले होते. चारोळीची पुडी उघडता उघडता आमच्या धाकट्या नातीने विचारले, "दादाजान, बदाम झाडाला लागतो, खारीक झाडाला लागते. ही चारोळी कशाला लागते?"

"झाडालाच लागते, बेटा."

"ते झाड कसं असतं?"

आम्ही गप्प झालो. आमच्या घराण्याच्या तीन पिढ्या चंद्रपुरात गेल्या. आमचे दादा मीठ, गूळ, तेल बैलगाडीत घालून जंगलपट्टीतले आठवडी बाजार करीत. परतताना त्याच गाडीत चारोळी, चिंच, हिरडा, मोहफुले येत. ज्या मालावर आमचे घर उभे राहिले, त्या मालाचे झाड आम्ही कधी नीट पाहिले नव्हते. भाव मात्र पाठ होता.

मे महिन्यात गडचिरोली जिल्ह्यातल्या एका आठवडी बाजारात जाण्याचा योग आला. एक म्हातारी पळसाच्या पानांच्या द्रोणात काळपट जांभळी फळे घेऊन बसली होती. एक तोंडात टाकले. वर गोड-आंबट गर, आत टणक बी. "माय, हे काय?" म्हणून विचारले तर म्हणाली, "रेका."

शेजारी बसलेल्या तिच्या नातवाने मोबाइलवरून मान वर करून सांगितले, "चार हाय, चार. चारोळी निघते याच्यातून."

"म्हणजे ही चारोळी?" आम्ही म्हणालो.

म्हातारी हसली. "थे त आतलं झालं, भाऊ. झाडाचं नाव रेका."

ती हसली, पण आम्हाला ओशाळल्यासारखे झाले. आम्हाला फक्त आतले ठाऊक होते. जात्यावर भरडून, टरफल पाखडून, पुडीत बांधून आपल्या ओट्यावर येते तेवढेच. आणि त्या नातवाला? त्याला ते झाड ठाऊक होते, पण त्याच्या तोंडी 'रेका' नव्हते, 'चार' होते. एक नाव आजीपाशी थांबले होते.

त्या दिवसापासून आम्ही आमच्याच स्वयंपाकघराची फडताळे वेगळ्या नजरेने पाहू लागलो. चिंच घ्या. अरबांनी तिला 'तम्र हिंदी' म्हटले, हिंदची खजूर. त्यावरूनच इंग्रजी नाव झाले आणि जगभर फिरले. हीच चिंच आपल्या शेजारच्या जंगलात 'हित्ता' आहे. उत्तरेकडच्या गोंडीत 'सित्ता', दक्षिणेकडे माडिया मुलखाकडे सरकले की 'स'चा 'ह' होतो. तेलुगूत तिला 'चिंत' म्हणतात. गोंडी ही तेलुगू, तमिळ, कन्नड यांच्या घराण्यातली भाषा, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसते. शेजारी राहून आपण तिला मराठीची एखादी बोली समजत आलो.

मोहाचे तसेच. गोंडीत 'इरू' किंवा 'इरूक', तेलुगूत 'इप्प', तमिळमध्ये 'इलुप्पै'. एकच शब्द हजार मैल पसरला आहे. आपल्या घरात मोहाचे नाव काढले की लोक कपाळाला आठ्या घालतात, कारण आपल्याला मोह म्हणजे दारू एवढेच माहीत. गडचिरोली जिल्ह्यात 1993 पासून दारूबंदी आहे आणि तीसुद्धा तिथल्याच बायकांनी लढून मिळवलेली, हे लक्षात ठेवावे. त्याच बाया मार्च-एप्रिलमध्ये पहाटे उठून मोहाखाली पडलेली फुले वेचतात. ती वाळवून ठेवली की पावसाळ्याच्या तंगीत भाजून, उकडून, तिळाबरोबर कुटून खाता येतात. पुढे बियांचे तेल निघते. एका झाडावर घराचे काही महिने निघतात. दारू हा त्या झाडाच्या अनेक उपयोगांपैकी एक. आपण नेमका तोच लक्षात ठेवला.

आंबा 'मरका', साग 'टेका', तेंदू 'तुमरी'. हे शब्द ऐकून काही आठवते का? मरकाम, टेकाम ही आडनावे आपल्या शाळेत, कचेरीत, बाजारात रोज भेटतात. रसेल आणि हिरालाल यांनी 1916 साली मध्य प्रांतातील जाती-जमातींवर चार खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या वेळी आपला चांदा जिल्हा मध्य प्रांतातच होता. त्यात गोंड कुळांची नावे देताना टेकाम म्हणजे सागाचे कूळ, इरपाची म्हणजे मोहाचे, तुमराची म्हणजे तेंदूचे, अशी नोंद आहे. ज्या कुळाचे जे झाड, त्याला त्या कुळाने इजा करायची नाही, ही जुनी रीत. म्हणजे हजेरीपटावर रोज जंगलाची हजेरी लागते आणि मास्तरांना, मुलांना पत्ताच नसतो!

या लोकांशी आपले नाते काही आजचे नाही. चंद्रपूरचा परकोट गोंड राजांचा. नागपूर शहर वसवणारा देवगडचा बख्त बुलंद शाह हा गोंड राजाच, त्याने औरंगजेबाच्या काळात इस्लाम स्वीकारला होता. तीनशे वर्षांचा शेजार आहे. तरी त्यांच्या भाषेतली दहा झाडे आपल्याला सांगता येत नाहीत.

कुणी म्हणेल, नावात काय आहे? झाड तेच, फळ तेच. आम्हालाही पूर्वी तसेच वाटे. पण नाव नुसते नाव नसते, त्याच्यामागे सूचना बांधलेल्या असतात.

बिब्ब्याचे पाहा. बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवांत आपण गोडंबी घालतो. ही गोडंबी म्हणजे बिब्ब्याच्या आतला गर. यूनानी हकीम बिब्ब्याला 'बलादुर' म्हणतात आणि शोधन केल्याशिवाय वापरत नाहीत. गोंडीत तो 'कोहका'. त्याच्या टरफलातला काळा रस अंगाला लागला तर फोड येतात, धोबी याच रसाने कपड्यांवर खुणा करीत. जंगलातल्या घरी मूल चालू लागले की त्याला दुरून हे झाड दाखवून ठेवतात: हा कोहका, याला हात लावायचा नाही. बोंडाचा पिकलेला भाग कसा खायचा, कोणता टाकायचा, बी कशी फोडायची, हे सगळे त्या एका शब्दाला चिकटून येते. ज्याला शब्द मिळाला नाही त्याला ताकीदही मिळत नाही. आमचा स्वतःचा अनुभव सांगतो. लहानपणी दुकानाच्या मागे पडलेल्या पोत्यातले बिब्बे आम्ही गोट्या म्हणून खेळलो, एक दोन दगडांनी फोडलेही. पंधरा दिवस हात आणि चेहरा सुजलेला होता. गोडंबी आम्ही खात होतो, पण ती कशातून निघते हे घरात कुणी सांगितले नव्हते. आजही विदर्भ-मराठवाड्यात बिब्बे फोडणाऱ्या बायकांच्या हातांवर हे फोड असतात. पुढच्या वेळी लाडू वळताना त्यांची आठवण ठेवावी.

आंब्याचा 'मरका पंडुम' हाही असाच. पंडुम म्हणजे सण. तो होईपर्यंत नवा आंबा खायचा नाही. बाहेरच्याला हा नुसता विधी वाटेल. पण त्यामुळे फळ झाडावर पिकते, कोवळे ओरबाडले जात नाही, बी जमिनीत जाते. जंगल राखण्याचा कायदाच तो. फक्त कागदावर लिहिलेला नाही.

आणि कागदावरच्या नावाने काय होते, ते बांबूने दाखवले. बांबू हे वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने गवत. गोंडीत 'वेदुर'. त्याचे कोवळे कोंब म्हणजे 'वास्ते', पावसाळ्यात गडचिरोलीच्या बाजारात भाजीला येतात. पण 1927 च्या भारतीय वन कायद्याने बांबूला 'झाडा'त बसवले. एका व्याख्येने तो लाकूड झाला आणि ज्यांच्या टोपल्या, सुपे, छपरे, भाजी सगळे बांबूचे, त्यांनाच तो तोडायची चोरी झाली. 2006 च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपजात घातले. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 साली सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. कायद्याने हक्क आला तरी बांबू गावाबाहेर नेण्याचा परवाना मिळेना. शेवटी 2011 च्या एप्रिलमध्ये तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले आणि वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. आज अनेक ग्रामसभा तेंदूपानांचा लिलावही स्वतः करतात. सत्तर पानांचा एक पुडा, हजार पुड्यांची एक गोणी, हा हिशेब आता गावातली पोरे-पोरी ठेवतात. वस्तूला काय म्हणायचे हे कोण ठरवतो, त्यावर ती कोणाची हे ठरते.

प्रशांत महासागरात सामोआ नावाचा एक लहान बेटांचा देश आहे. तिथल्या वैदू बाया 'ममाला' नावाच्या झाडाची साल पाण्यात भिजवून काविळीवर देत. परदेशी संशोधकाने त्यांच्याकडून ते नाव आणि तो उपयोग ऐकला. सालीतून प्रोस्ट्रॅटिन हे द्रव्य निघाले आणि एड्सच्या विषाणूवर त्याचा अभ्यास सुरू झाला. 2004 साली अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाने सामोआशी करार केला की यातून काही कमाई झाली तर त्यात त्या देशाचा वाटा राहील. एका म्हातारीच्या तोंडी नाव शिल्लक होते, म्हणून हे झाले. आपल्या जंगलात अशी किती नावे आहेत आणि किती गेली?

सुदैवाने सगळेच स्वस्थ बसलेले नाहीत. डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीच्या गावोगावच्या बायकांकडून झाडे आणि त्यांचे उपयोग ऐकून 'गोईण' हे मराठी पुस्तक लिहिले. गोईण म्हणजे मैत्रीण. आपल्या घरातल्या मुलींनी ते जरूर वाचावे. 2018 साली वेगवेगळ्या राज्यांतल्या गोंडी भाषकांनी एकत्र बसून केलेला प्रमाण गोंडी शब्दकोश बाहेर आला. धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने 2019 मध्ये स्वतःची गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली. 2011 च्या जनगणनेत सुमारे 29 लाख 84 हजार लोकांनी आपली भाषा गोंडी सांगितली. इतके लोक असूनही ती घटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही. मूल शाळेत जाते तेव्हा आजीची भाषा उंबरठ्यावर ठेवून जाते. मग 'रेका'ची 'चार' होते, पुढे 'जंगली फळ' होते आणि त्यापुढे काहीच होत नाही.

वाचक बंधू-भगिनींनो, हे आपण फक्त त्यांच्यासाठी हळहळण्याकरिता लिहीत नाही. आपल्या घरातही हेच चालले आहे. आमच्या दादी पोट बिघडले की 'इतरीफल' काढीत. हिरड्याला 'हलेला', बेहड्याला 'बलेला' म्हणत. पुढे कळले की इतरीफल म्हणजे आपला त्रिफळाच, हिंदुस्थानातून अरबी-फारसी वैद्यकात गेला आणि नाव बदलून परत आला. दादी गेल्या. आज आमच्या सुनांना हलेला विचारला तर त्या मोबाइलमध्ये शोधतात. हजरत आदम (अ.स.) यांना सर्व वस्तूंची नावे शिकवली गेली, हे आपण मुलांना सांगतो. ती नावे पुढे पोहोचवायची जबाबदारी मात्र आपण कुणावर टाकली आहे?

म्हणून एक छोटीशी विनंती. घरात नानी, दादी, खाला कुणी वयस्कर असतील, तर एक वही घेऊन त्यांच्याजवळ बसा. दहा झाडे विचारा: तुमच्या लहानपणी याला काय म्हणत, कधी आणत, कशाला वापरत, कशाची भीती घालत. त्यांच्याच शब्दांत लिहा, सुधारू नका. चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या वाचकांनी बाजारातल्या भाजीवालीलाही विचारावे आणि तिचे नावही तिच्या नावाशेजारी लिहावे, म्हणजे शब्द कुणाकडून आला हे राहील. एक ताकीद: हे लिहून ठेवण्यासाठी आहे, औषध म्हणून घरी करून पाहण्यासाठी नाही. दुखणे-खुपणे असेल तर डॉक्टर किंवा जाणता हकीमच.

आमच्या नातीने वही सुरू केली आहे. पहिल्या पानावर चारोळीचे चित्र काढले, खाली 'रेका' लिहिले. बाजारातून आणलेल्या बियांपैकी काही तिने डब्यात माती घालून पेरल्या. दोन महिने झाले, अजून काही उगवलेले नाही. ती रोज पाणी घालते आहे.