सिॲटलचा नवा किनारा: लोक येतील का?



सिॲटलचं २० एकरांचं वॉटरफ्रंट पार्क २०२५ मध्ये पूर्ण झालं. "एवढा पैसा ओतला, पण लोक येतील का?" हा प्रश्न आमच्याकडे लंचला हमखास निघतो. माझं मत असं की जुलैत येतीलच. क्रूझची जहाजं, शेजारी पाईक प्लेस मार्केट, मग गर्दीचं कौतुक कसलं? खरी परीक्षा नोव्हेंबरात, जेव्हा पावसाची रिपरिप असते आणि साडेचारला अंधारतं.

एक काम मात्र झकास झालंय. मार्केट वर टेकाडावर, समुद्र खाली आणि मधे तो दुमजली फ्लायओव्हर. २००१ च्या भूकंपात त्याला तडे गेले, २०१९ मध्ये तो पाडला आणि वाहतूक बोगद्यात गेली. २०२४ मध्ये ओव्हरलूक वॉक उघडला, आता मार्केटमधून सरळ पाण्यापर्यंत चालत उतरता येतं.

मरीन ड्राइव्हवर काय आहे? एक लांबलचक कठडा, आणि चर्चगेट स्टेशन हाकेच्या अंतरावर. तरी भर पावसातही तिथे माणसं असतात. बघायला येणारा एकदाच येतो, बसायला येणारा रोज येतो. माझी आई कुठल्याही बागेत गेली की आधी बाक आणि टॉयलेट शोधते. तिचंच बरोबर आहे! कार्यक्रमांवर खर्च जरूर करा, पण त्याआधी डोक्यावर छप्पर, कोरडी बाकं आणि गरम चहा बघा. नाहीतर हे पार्क पाहुण्यांचंच राहील, गावाचं होणार नाही.

पटत नसेल तर जरूर भांडा.